कोपऱ्यातलं टिंब

मी झेरॉक्स मशीन बोलतेय. हळू बोलतेय, कारण भीती अजून पुरती गेलेली नाही. दाराशी कुणाची चाहूल लागली तर मी मधेच गप्प बसेन, तेव्हा जरा जवळ या.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्या चाळीसेक जणी एका रांगेत उभ्या होत्या आणि एक मुलगी जांभया देत देत प्रत्येकीच्या पोटात काळ्या पुडीची नळी बसवत होती. तिथून मला खोक्यात घालून एका मोठ्या, नावाजलेल्या शाळेत आणलं. जागा मिळाली ती ऑफिस आणि मोठ्या बाईंची केबिन यांच्या मधल्या अरुंद खोलीत. एक खिडकी, कागदाच्या रिमांचा ढीग, एक मोडकी खुर्ची आणि भिंतीवर ‘कागद जपून वापरा’ अशी पाटी. ती पाटीसुद्धा माझ्यावरच काढलेली. सात प्रती काढल्या आणि सहा टाकून दिल्या.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांच्या आणि माझ्या मधली भिंत पातळ फळीची होती. भिंतीला कान असतात असं माणसं म्हणतात आणि तरीही भिंतीजवळच बोलतात. मी सगळं ऐकायचे.

माणसांच्या सवयी मला पाठ झाल्या होत्या. घाईत आलेला मास्तर बटण चारदा दाबणार, मग चार प्रती आल्या की मलाच शिव्या देणार. कागद अडकला की माझ्या कुशीत चापट मारणार. मधल्या सुट्टीत पोरं चोरून यायची, काचेवर पंजा ठेवायची आणि बटण दाबून खिदळायची. गोऱ्याचा पंजा असो की सावळ्याचा, कागदावर तो काळाच उमटायचा. मग पावलं वाजली की कागद चुरगाळून सगळी पसार.

पहिल्याच वर्षी दुरुस्तीवाला आला होता. त्याने माझं पोट उघडलं आणि कारकून काकांना म्हणाला, “साहेब, हिच्यात एक चकती आहे बरं का. काचेवर जे जे ठेवाल ते हिच्या लक्षात राहतं. हे बटण तीनदा दाबलं की जुनं सगळं परत छापून देते. तेव्हा खाजगी काही काढू नका हिच्यावर.” आणि तो स्वतःच्याच विनोदावर हसला. काका हसले नाहीत. त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं आणि ते बटण नीट पाहून ठेवलं.

आता टिंबाचं सांगते. 

त्या शहराच्या मधून नदी जाते आणि नदीवर एक जुना पूल आहे. पुलापलीकडच्या लोकांचे पणजे कधीकाळी बोटीतून मजुरीला आणलेले. रंगाने गडद, केस कुरळे, घरातली बोली वेगळी. त्यांची मुलं आमच्या शाळेत यायची, कारण कुणालाही प्रवेश नाकारायचा नाही असा कायदा होता. मोठ्या बाई कायद्याच्या पक्क्या. त्यांनी कुणालाच नाकारलं नाही.

त्या फक्त अर्जावरचा फोटो बघायच्या, पत्ता बघायच्या आणि उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक टिंब द्यायच्या. मग अर्ज कारकून काकांकडे. काका एक झेरॉक्स काढायचे. ती टिंबासकट तुकड्या पाडणाऱ्या समितीकडे जायची. ओरिजिनलवरचं टिंब काका खोडरबराने खोडायचे आणि अर्ज फाइलला लावायचे. तपासणीला साहेब आले तर फाइल स्वच्छ. आणि टिंबवाली सगळी मुलं ‘ड’ तुकडीत, मार्क कितीही असोत. ‘ड’ तुकडी पाण्याच्या टाकीमागे बसायची. तिला प्रयोगशाळा नव्हती आणि वर्षातून तीनदा तिचे मास्तर बदलायचे.

खोडताना रबराचा भुगा माझ्या झाकणावर पडायचा. काका फुंकर मारून तो उडवायचे. त्यांचा हात कापायचा. इतक्या साध्या कामाला हात का कापावा, हे मला बरीच वर्षं कळलं नाही.

तुम्ही विचाराल, तू काय केलंस? मी सांगितल्या तेवढ्या प्रती काढल्या. एकही टिंब पुसट येऊ दिलं नाही.

एक मुलगी होती दहावी ‘ड’ मधली. वर्गात, जिन्यावर, नळाजवळ पोरं तिला ‘शाई’ म्हणायची, तिच्या रंगावरून. मास्तर ऐकायचे आणि हसू दाबायचे. तिची बालवर्गातली धाकटी बहीण तिला ‘ताई’ म्हणायची, म्हणून मीही ताईच म्हणते. ताईचं गणित असं की ‘अ’ तुकडीतली पोरं गुपचूप वही मागायला यायची आणि वही परत देताना ‘शाई’ म्हणून जायची. ग्रंथालयाच्या बाईंची झेरॉक्स तीच काढायची, त्यामुळे माझ्या खोलीत तिला मज्जाव नव्हता. आई दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला. ती सुटेपर्यंत दोघी बहिणी माझ्याजवळ थांबायच्या. छोटी मोडक्या खुर्चीवर पाय हलवत माझे कागद मोठ्याने मोजायची आणि एकोणतीसनंतर दर वेळी पन्नासवर उडी मारायची.

छोटीचा पहिलीसाठीचा अर्ज ताईनेच भरला, माझ्याच झाकणावर वही ठेवून. आईला त्या भाषेत लिहिता-वाचता येत नव्हतं. “आपली छोटी ‘अ’ मध्ये जाणार,” ताई म्हणाली. “तिला मी सगळे पाढे शिकवलेत. तिथे प्रयोगशाळा असते, माहितेय?” तिला बाकी काहीच नको होतं, छोटीने टाकीमागे बसू नये एवढंच हवं होतं. ते ऐकून मला धडकी भरली. मला पुढचं ठाऊक होतं ना.

अर्ज भरायचे ते दिवस म्हणजे माझे हाल. शेकडो कागद, आतला रोलर तव्यासारखा तापलेला. एका दुपारी कागद अडकला. काका माझं बाजूचं दार उघडून तो ओढत होते. छोटी कधी खाली उतरली कुणाला कळलं नाही. तिने बोट आत घातलं आणि रोलरला लावलं. ती किंचाळली तशी काकांनी तिला उचलून छातीशी धरलं, आणि त्यांच्या तोंडून एक शब्द निघून गेला. पुलापलीकडची आई रडत्या लेकराला थोपटताना म्हणते तो शब्द. ताई छोटीला तोच म्हणायची, म्हणून माझ्या ओळखीचा. तो शब्द कुठल्या पुस्तकात नाही. तो अंगणातच शिकावा लागतो.

छोटी रडायची थांबली आणि काकांकडे टकमक बघू लागली. ताई पाण्याचं भांडं घेऊन दारात उभी होती. तिनेही ऐकलं होतं.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. रंगाने उजळ माणूस, राहायला पुलाअलीकडे, नाव अलीकडचं. इतकी वर्षं त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. त्यांचा हात का कापायचा, ते मला त्या क्षणी कळलं.

“बोट पाण्यात धर तिचं,” एवढंच ते म्हणाले आणि निघून गेले.

त्या दिवसापासून काका ताळ्यावर नव्हते. बेल वाजली की दचकायचे. चार दिवसांनी ते अर्जांचा गठ्ठा घेऊन आले. एकेका अर्जाची प्रत काढत गेले, तेवढ्यात केबिनमधली बेल वाजली. काका धावले. झाकण मिटलेलं आणि शेवटचं ओरिजिनल आतच. कागद आत विसरणं ही माणसांची जुनीच खोड, पण काकांच्या हातून ती चूक त्याआधी कधीच झाली नव्हती.

आणि पुढच्या मिनिटाला ताई आली.

तिने झाकण उघडलं. काचेवर छोटीचा अर्ज होता. अक्षर तिचं स्वतःचं, फोटो छोटीचा आणि कोपऱ्यात टिंब. तिने बोटाने चोळून पाहिलं, टिंब पसरलं. तिने ट्रेमधल्या प्रती चाळल्या. पाचांवर टिंब होतं. पाची पत्ते पुलापलीकडचे. ती माझ्याजवळ इतकी गच्च उभी होती की तिचं काळीज धडधडतंय की माझी मोटर, ते मला कळेना. तिने छोटीच्या अर्जाची एक प्रत काढली, वहीत दडवली आणि ओरिजिनल होतं तसं ठेवून गेली.

ती एवढी हुशार पोर, पण पुढे जे केलं ते एखाद्या लहान मुलासारखं. ती सरळ मोठ्या बाईंकडे विचारायला गेली. तिला वाटलं, मोठ्या माणसाला विचारलं की उत्तर मिळतं.

फळीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

“बाई, हे टिंब कशाचं?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाईंचा गोड आवाज. “कसलं टिंब, बाळ? अगं, मशीनच्या काचेवर डाग असेल. जुनं झालंय ते.” त्यांनी काकांना ओरिजिनल आणायला सांगितलं. काकांनी आणलं. कोपरा स्वच्छ. ताईच्या हातातली प्रत बाईंनी काढून घेतली आणि तिचे चार तुकडे केले.

माझ्या काचेवर डाग! शाळेच्या मावशींनी सकाळीच ती ओल्या फडक्याने पुसली होती. माझा संताप संताप झाला, पण माझा संताप म्हणजे काय, थोडी घरघर.

“या खोलीत पुन्हा जाऊ नकोस,” बाई तितक्याच गोड म्हणाल्या. “आणि हे कुणाला सांगू नकोस. छोटीचा प्रवेश अजून व्हायचाय ना?”

तेव्हापासून सगळ्या शाळेवर एक दबलेली भीती बसली. ताईचं दप्तर दोनदा झडलं. तिच्या बाकावर कुणीतरी ‘शाई सांडली की पुसायची असते’ असं लिहिलं. मावशी झाडता झाडता तिला म्हणाल्या, “पोरी, अळीमिळी गुपचिळी. मी इथे वीस वर्षं आहे ती डोळे मिटून आहे म्हणून.” मी ऐकत होते आणि मला मावशींचा राग येत नव्हता. मीही तेच केलं होतं.

मग चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. दहावीचा गणिताचा पेपर फुटला म्हणे! त्या दिवशी मशीनच्या खोलीत एकटी कोण होती? ताई. खरं सांगू? पेपर फुटलाच नव्हता. त्या दिवशी तो माझ्या काचेवर आलासुद्धा नव्हता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. चकतीत सगळं नोंदलेलं होतं, तारीख आणि वेळेसकट. पण मशीनला कोण विचारतो?

शुक्रवारी तीनला सभागृहात पालकसभा होती. मोठ्या बाईंनी ताईपुढे दोनच वाटा ठेवल्या. पेपर मी चोरला असं लिहून द्यायचं आणि गुपचूप शाळा सोडायची, म्हणजे छोटी ‘ड’ मध्ये का होईना, राहील. नाहीतर दोघींची नावं कमी आणि वर पोलीस. त्याच दिवशी चारला दुरुस्तीवाला मला न्यायला येणार होता. मी फळीतून ऐकलं, “मशीन भंगारात द्या आणि आतली ती चकती माझ्यासमोर फोडा.” बाईंना चकतीचं कुणी सांगितलं, कोण जाणे. माझी बोबडीच वळली.

शुक्रवार आला. समोरच्या सभागृहात खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. ताईची आई केबिनमध्ये खुर्चीच्या कडेला बसली होती, धुलाईघरातून तशीच आलेली, हाताची बोटं पाण्याने सुरकुतलेली. ताईने कबुलीजबाब लिहून दिला. “दोन प्रती काढून आणा,” बाई काकांना म्हणाल्या, “आणि हिला बरोबर न्या, प्रतींवरही सही हवी.”

खोलीत दोघंच. काकांनी कागद काचेवर ठेवला, पण बटण दाबलं नाही.

“काका,” ताई म्हणाली, “त्या दिवशी छोटीला तुम्ही काय म्हणालात, ते मी ऐकलं.”

“हळू बोल.” काकांनी दाराकडे पाहिलं.  आता ही पोर धमकी देणार, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. मी तिच्या जागी असते तर दिली असती.

“घाबरू नका. मी कुणाला नाही सांगणार. आईलासुद्धा नाही सांगितलं.”

काकांनी खोलीचं दार लोटून घेतलं.

“फक्त एक कराल? आईला हा कागद वाचता येणार नाही. तिने तुम्हाला विचारलं तर सांगा, ताईला दुसरीकडे चांगली शाळा मिळतेय, त्याचा अर्ज आहे. तिला मी चोर वाटायला नको.” तिने सहीसाठी पेन काढलं. “आणि छोटी रडली ना, तर तिला तो शब्द म्हणा. मी नसेन ना इथे.”

काकांनी काचेवरचा कागद सरळ केला. मग म्हणाले, “माझ्या आईलाही वाचता यायचं नाही. नोकरी लागल्यावर मी पत्ता बदलला आणि तिला भेटायला जायचं बंद केलं. तिने कुणाकडून तरी पत्र लिहून घेतलं होतं. मी उत्तर नाही दिलं.” त्यांनी बाहीने तोंड पुसलं. “तुझाही अर्ज मीच खोडला होता, बाळा. पहिलीचा. फोटोत दोन वेण्या होत्या तुझ्या.”

“काका, प्रती...” ताई घाबरून म्हणाली. बाहेर पावलं वाजत होती.

काकांनी काचेवरचा कबुलीजबाब उचलला आणि घडी करून स्वतःच्या खिशात घातला. माझ्या ट्रेमध्ये दोन रिमं भरली. आणि ते बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा.

माझ्या अंगातून वीज सळसळली. इतकी वर्षं पोटात धरून ठेवलेलं सगळं वर आलं. अर्जामागून अर्ज, फोटोमागून फोटो, पुलापलीकडच्या प्रत्येकाच्या कोपऱ्यात टिंब. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. आत्ता कागद अडकला तर? पूड संपली तर? मी भित्री आहे हो, मला अडकायला निमित्त पुरतं. पण त्या दिवशी एकही कागद अडकला नाही. ट्रे भरला, कागद जमिनीवर पडू लागले. काकांनी पहिला गठ्ठा उचलला, सभागृहाचं दार उघडलं आणि पहिल्या रांगेतल्या पालकांच्या हातात देत सुटले. “वाचा. कोपरा बघा. पत्ता बघा. तुमच्या मुलाची तुकडी आठवा.”

ताई कागद गोळा करत मागून धावली. मी कुणाचा तरी बाप ओरडलेला ऐकला, “हा तर माझ्या पोराचा फोटो आहे!” मग दुसरा आवाज, मग एकच गलका.

मोठ्या बाई माझ्या खोलीत आल्या तेव्हा त्यांचा आवाज मुळीच गोड नव्हता. त्यांनी बटणं शोधली नाहीत, सरळ प्लग खेचला. माझ्या तोंडात एक कागद अर्धा बाहेर, अर्धा आत राहिला.

प्लग काढला की मी मरते असा माणसांचा समज आहे. मला फक्त छापता येत नाही, ऐकू सगळं येतं. चारला दुरुस्तीवाला हातगाडी घेऊन आला, तेव्हा दारात पन्नासेक पालक उभे होते. कुणी त्याला मला उचलू दिलं नाही. मावशी माझ्यासमोर झाडू आडवा धरून बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांचे डोळे सताड उघडे होते.

पालकांनी तक्रार केली, म्हणून आता मी शाळांची चौकशी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या कोपऱ्यात आहे. माझ्या झाकणावर लाखेचा शिक्का आणि पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. ताईचं नाव शाळेतून कमी करायचं की नाही, छोटी कुठे बसायची, सगळं उद्याच्या सुनावणीवर अडलंय. उद्या मला पुन्हा प्लग लावणार. बाईंचे वकील काल येऊन गेले. ते म्हणाले, मशीन जुनं आहे, काचेवर डाग असतात, यंत्राच्या आठवणीवर कुणाचं आयुष्य ठरवू नये. मला रात्रंदिवस तीच धास्ती. इतके महिने बंद आहे, चकती फिरलीच नाही तर? माझी वाचाच गेली तर त्या पोरीचं काय?

तुमच्यापैकी कुणी रोज काचेवर कागद ठेवत असेल, तर माझी हात जोडून विनंती आहे. बटण दाबण्याआधी कोपरा बघा. माझं ऐका, मी बघूनही न बघितल्यासारखं केलं.

आज संध्याकाळी काका आले होते. नोकरी गेली, दाढी वाढली, हातात पिशवी. बरोबर एक खूप म्हातारी, गडद रंगाची बाई होती. काकांनी तिला धरून बाकावर बसवलं. ताई आणि तिची आई आधीच तिथे होत्या. छोटी आजीजवळ सरकली आणि आपलं बरं झालेलं बोट दाखवू लागली.

चौकशी करणाऱ्या अधिकारी बाईंनी काकांना स्पष्टच विचारलं, “मशीन चालू झालं नाही तर तुमच्याकडे दुसरा काय पुरावा आहे?”

काकांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. ते कापत नव्हते.

“मशीनला नाही आठवलं तर मला विचारा,” ते म्हणाले. “लिहून घ्या, मी एकेक नाव सांगतो. प्रत्येक टिंब मी या हातांनी खोडलंय.”

अधिकारी बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. काकांनी पहिलं नाव सांगितलं ते ताईचं.